एकोणपन्नास

पाटीवर अजून 'दत्ताराम केरकर आणि पुत्र' असंच आहे.
पुत्र म्हणजे मी. वय एकोणसाठ.
म्हापशाच्या बाजारात मिरच्यांची आणि खाज्यांची रांग संपते
तिथून चार पायऱ्या वर.

त्या शुक्रवारी सावईकर बाई आल्या
आपली कादंबरी मोजायला.
प्रकाशकाने पाठवलेल्या पंचवीस प्रती, तीन वर्षांपूर्वी,
विकल्या तर पैसे, नाहीतर माल परत.
अकरा उरल्या होत्या.
एकीच्या कण्यात कसर शिरली होती, ती मी तळाशी सरकवली,
बाईंनी नेमकी तीच उचलली.

मग बिलबुकाच्या पाठीवर हिशेब मांडला.
गणित शिकवायच्या, हात अजून वळणदार.
छापील किंमत तीनशे वीस,
लेखिकेला दहा टक्के: बत्तीस.
ई-बुक एकोणपन्नास,
त्यातले सत्तर टक्के: चौतीस रुपये तीस पैसे.
'म्हणजे स्वस्तातलं मला दोन रुपये तीस पैशांनी महाग पडतं,
म्हणजे, चांगलं पडतं,' त्या म्हणाल्या
आणि पेनाचं टोपण उगाच दोनदा लावलं,
जणू ते पैसे माझ्या गल्ल्यातून काढले होते.

मी माझा हिशेब मांडला नाही.
एकशे बारा रुपये कमिशन, त्यातले बत्तीस गिऱ्हाइकाला,
कारण ते दारातच उभं राहून फोनवर भाव बघतं;
कदंबाच्या टपावरून आलेलं पार्सल, हमाली, सुतळी;
आणि जून ते सप्टेंबर कपाटाच्या पोटात
दिवसरात्र पेटता ठेवलेला साठाचा बल्ब,
पानांना बुरशी धरू नये म्हणून.
तिकडे बल्ब लागत नाही.
तिकडे पुस्तकाला पावसाळाच नाही.

रात्री मी ते विकत घेतलं.
तीन वर्षं हाताशी होतं, कधी वाचलं नव्हतं,
दुकानदाराचं असंच असतं.
एकोणपन्नास. अंगठा टेकला, आलं.
ना बांधून देणं, ना 'सुट्टे आहेत का'.
अक्षर बोराएवढं केलं; मोतीबिंदूला चाललं.
खोटं कशाला बोलू,
सुख वाटलं.

सकाळी पाहिलं तर एकोणीस.

रोझालिना दहा वाजता बांगड्यांचा वाटा दोनशेला देते,
साडेबाराला तोच शंभरला.
'वत चडलें काय मोल देंवता, बाब.'
ते समजतं. बांगड्याचा डोळा बघितला की समजतं.
पण रात्रीतून या कादंबरीचं काय नासलं?
कुणी घासाघीस केली, कुणाशी?
विचारायला समोर टोपली नाही, टोपलीमागे बाई नाही.
शुक्रवारी दुपारी तीस पुन्हा एकोणपन्नास झाली,
एका पानाचाही वास न बदलता.

प्रफुल्ला म्हणाली, 'वाचून झालं की मला द्या.'
देऊ कसं?
अकरापैकी कुठलीही प्रत मी तिला दिली असती,
तिने बहिणीला, बहिणीने डिचोलीच्या वाचनालयाला,
आणि ती कधीच परत आली नसती, नेहमीसारखी.
हे द्यायचं तर खिशातलं सगळंच द्यावं लागतं:
बँक, फोटो, मुलाचे मस्कतहून आलेले आवाज.
दिला. चष्मा लावून ती बाल्कनीत बसली.

अर्ध्या तासाने आतून ऐकलं,
पुस्तक वाजत होतं.
तिने बोट पानात घालावं तसं
काचेवर ठेवलं आणि मला हाक मारली.
कोल्हापूरहून वितरक होता:
केरकर, त्या अकरा प्रती
या महिन्यात परत पाठवता ना?

'दहा,' मी म्हटलं. 'एक विकली गेली.'
आणि कसर लागलेलीचं बिल फाडलं,
स्वतःच्या नावाने,
पूर्ण तीनशे वीसचं.